सरासरी कान

सार्वजनिक संगीत ग्रंथालयातली जागा संपली. कपाटांतली नव्हे. कपाटं रिकामीच होती, कारण जुन्या ध्वनिफिती आणि तबकड्या संगणकात उतरवून केव्हाच मोडीत काढल्या होत्या. संपली ती सर्व्हरवरची जागा. ध्वनितंत्रज्ञ बाईंनी शोध घेतला, तेव्हा निम्म्याहून जास्त जागा संचालकसाहेबांच्या भाषणांच्या चित्रफितींनी अडवली असल्याचं आढळलं. त्यांत साहेब पुष्पगुच्छ स्वीकारतानाची एक चित्रफीत समोरून, डावीकडून आणि उजवीकडून होती. बाईंना नोकरी टिकवायची होती. अहवालात त्यांनी ही जागा ‘इतर’ या सदरात दाखवली.

साहेबांनी तातडीने बैठक बोलावली.

“गाणी लहान करता येतील का?”

“लांबी तेवढीच ठेवून फाइल लहान करता येते, साहेब. बिटरेट उतरवायचा. म्हणजे दर सेकंदाला आवाजाचा किती तपशील ठेवायचा, ते ठरवायचं. मर्यादा कमी केली, की कानाला जे फारसं जाणवत नाही ते आधी गळतं.”

साहेब खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे जे ऐकू येत नाही, ते आपण सरकारी खर्चाने इतकी वर्षं सांभाळत बसलो?”

“सेकंदाला तीनशेवीस किलोबिटपर्यंत चालेल, साहेब. तिथे फरक सहसा कळत नाही. पण त्याच्या फार खाली गेलं, तर जाणवतं तेही गळायला लागेल.”

“सहसा कुणाला कळत नाही?”

“साधारण माणसाला.”

आता साधारण माणूस शोधणं आलं. त्यासाठी बाहेर जावं लागलं नाही. साहेबांचे मेव्हणे ग्रंथालयात भांडारपाल होते. कशातच त्यांचं काही डावं-उजवं नव्हतं. कुठलं गाणं त्यांना आवडलं होतं असं नाही, नावडलं होतं असंही नाही. कान दोन्ही बाजूंना एकेक, आणि मापाचे. त्यांची ‘अधिकृत सरासरी कान’ म्हणून नेमणूक झाली. चाचणी साहेबांच्या दालनात, साहेबांच्या मोबाइलवर झाली. डोक्यावर पंखा फिरत होता आणि कपबशा वाजत होत्या. मेव्हण्यांना मूळ फाइल ऐकवली, मग तीनशेवीसची.

“फरक?”

“छे.”

मूळ फाइली पुसण्यात आल्या. बरीच जागा सुटली. त्या जागेत साहेबांचं, जागा वाचवण्याचं महत्त्व सांगणारं भाषण ठेवण्यात आलं.

त्यामुळे पुन्हा जागा अपुरी पडली. मग तीनशेवीस आणि एकशेअठ्ठावीस यांची तुलना झाली. मेव्हण्यांना फरक कळला नाही. पुढे एकशेअठ्ठावीस आणि चौसष्ट. तिथेही नाही.

“साहेब,” बाई न राहवून म्हणाल्या, “आपण दर वेळी आधीच्याच पायरीशी ताडून बघतोय. एकदा अगदी मूळ फाइलशी बघू या ना.”

“मूळ फाइल आहे कुठे आता?”

“पुसली.”

“मग? तुलनेसाठी ती ठेवली असती, तर जागा वाचली असती का?”

बत्तीसला मात्र मेव्हणे जरा थबकले.

“थोडं वेगळं वाटतंय, भाऊजी. म्हणजे, गाणाऱ्याच्या तोंडात पाणी असल्यासारखं.”

साहेबांनी पंखा पाचावर नेला. “आता?”

“आता नाही.”

बत्तीस मंजूर झालं.

या ग्रंथालयात एक आजोबा यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलं होतं. त्यांची पत्नी त्याच वृंदात गायची. ती जाऊन बराच काळ झाला होता. तिचं एकच ध्वनिमुद्रण मागे उरलं होतं. घरात खराब होईल, तिथे नीट राहील, म्हणून त्यांनी ते आपल्या हाताने ग्रंथालयाला दिलं होतं. अधूनमधून येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर हेडफोन लावायचे, गाणं ऐकायचे, हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवायचे आणि घरी जायचे.

बत्तीस मंजूर झाल्यावर ते आले, त्या दिवशी त्यांनी गाणं मध्येच थांबवलं.

“बाई, इथे ती हसायची.”

“कुठे, आजोबा?”

“दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी. माझा गज स्टँडवर आपटला होता, खट्‌कन. ती गालातल्या गालात हसली, श्वास घेतला आणि तशीच कडव्यावर आली. आता ती खट नाही, हसणं नाही, श्वाससुद्धा नाही. आणि ही अशी विहिरीतून का गातेय?”

बाईंनी हेडफोन कानाला लावला. तेवढा तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला. मग त्या आजोबांना घेऊन साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “हे हसणं गाण्याच्या शब्दांत आहे?”

“नाही.”

“संगीतकाराने सांगितलं होतं?”

“नाही हो. अचानक आलं.”

“आणि गज आपटणं?”

“ती माझी चूक.”

“मग आजोबा, आम्ही तुमची चूक दुरुस्त केली. तीही विनामूल्य. आणि तुम्ही तक्रार घेऊन आलात!”

“साहेब, मला ती चूकच ऐकायची असते.”

हे साहेबांना नवीन होतं. त्यांनी आजोबांना कान तपासून यायला सांगितलं. त्यांची सून रजा काढून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं आणि या वयात असे कान पाहिले नाहीत, असं लेखी दिलं. सुनेने तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांचा चेहरा उजळला. “बघा! शेवटी दोष कानांतच निघाला. ते सरासरीपेक्षा चांगले आहेत.”

“अहो, मग बिघडलं कुठे?” सून म्हणाली.

“ग्रंथालय जनतेचं आहे, ताई. उद्या प्रत्येक जण आपापले चांगले कान घेऊन यायला लागला, तर संस्था चालवायची कशी?”

सून काही गप्प बसणारी नव्हती. तिने वरच्या कार्यालयात तक्रार केली. तिथून एका ओळीचा आदेश आला: ध्वनीची गुणवत्ता तत्काळ वाढवावी. साहेबांनी आदेश शिरसावंद्य मानून बाईंना बोलावलं.

“बत्तीसच्या सगळ्या फाइली पुन्हा तीनशेवीस करा.”

“साहेब, पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं, म्हणून दाट होतं का? जे गेलं ते गेलं. फाइल नुसती फुगेल.”

“पण पातेलं मोठं दिसेल ना?”

पातेली मोठी झाली. ‘दहापट गुणवत्ता’ या नावाने जाहीर सोहळा ठेवला गेला. सभागृह भरलं. साहेबांनी संगीताच्या सूक्ष्मतेवर सविस्तर भाषण केलं. त्यातली प्रत्येक खाकर सर्वोच्च दर्जात मुद्रित होत होती. मग खास आजोबांच्या समाधानासाठी त्यांच्या पत्नीचं गाणं लावण्यात आलं, भिंती हादरतील इतक्या मोठ्याने.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. “काय स्पष्ट ऐकू येतंय हो! जणू समोर बसून गातेय.”

“तुम्ही हे गाणं आधी ऐकलं होतं?” सुनेने विचारलं.

“नाही. पण तीनशेवीस म्हटल्यावर फरक कळतोच की.”

आजोबा उभे राहिले. “ही ती नाही,” ते म्हणाले.

साहेब माइककडे धावले. “आजोबांना भावना अनावर झाल्या आहेत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मेव्हणेही होते. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंचे हात तेवढे जागच्या जागी राहिले. त्याबद्दल त्यांना ‘समारंभातील निरुत्साह’ या कारणावरून समज देण्यात आली.

आजोबा आणि सून घरी आले. सुनेने त्यांना पाणी दिलं आणि समोर बसली.

“बाबा, ते हसणं कसं होतं?”

“सांगता नाही यायचं गं.”

“मग वाजवून दाखवा.”

आजोबांनी व्हायोलिन खाली काढलं. चाल तशीच्या तशी आली. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्यांनी गज खुर्चीच्या पाठीवर मुद्दाम आपटला. खट्‌. आणि थांबले. खोलीत काहीच वाजत नव्हतं. तेवढ्यात त्यांचा चेहरा हळूच सैल झाला आणि गज पुन्हा तारेवर आला. सुनेला काही ऐकू आलं नव्हतं. पण सासूबाई कुठे हसल्या आणि किती वेळ हसल्या, ते तिला कळलं. तेव्हापासून आजोबा ग्रंथालयात जात नाहीत. घरीच वाजवतात. रोज तिथे थांबतात.

ग्रंथालय मात्र उत्तम चाललं आहे. एवढी मोठी बचत आणि तेवढीच मोठी गुणवत्ता पाहून साहेबांना बढती मिळाली. आता पुस्तकांचा विभागही त्यांच्याकडे आहे. तिथे जे सरासरी वाचकाच्या लक्षात येत नाही, ते मजकुरातून काढून टाकण्याचं काम जोरात सुरू आहे. ‘अधिकृत सरासरी डोळा’ या पदाचा अतिरिक्त कार्यभार मेव्हण्यांनी आनंदाने स्वीकारला आहे.

ही गोष्ट त्याच विभागातून मंजूर होऊन आपल्यापर्यंत आली आहे. मूळ मजकुरात, जिच्यासाठी हे सगळं घडलं त्या गायिकेचं नाव होतं. एकदा नव्हे, बऱ्याचदा होतं. ते नसलं तरी वाचकाचं काही अडत नाही, असं चाचणीत दिसलं, म्हणून ते वगळण्यात आलं. खात्री म्हणून आपलाही प्रतिसाद पाहण्यात आला. आपण इथवर वाचत आलात आणि तिचं नाव काय, हे विचारलं नाहीत.

हरकत नाही.