चार बोटं वर

लोक भेटल्यावर तब्येत विचारतात. आमच्या सातपूरच्या कॉलनीतले गांगुर्डे काका वजन सांगतात. "जयभीम मास्तर, एक्क्याऐंशी!" हे भर रस्त्यात, भाजीच्या गाडीसमोर. मी तावातावाने घरी येऊन काट्यावर उभा राहिलो, तर काटाही त्यांचीच री ओढत होता. माझ्या बायकोला त्यांनी एकदाच तिचा आकडा सांगितला. तेव्हापासून काका दिसले की ती रस्ता बदलते.

यात चावटपणा काही नाही, जन्माची सवय आहे. काका मूळचे सिन्नरकडचे. तीस वर्षं लष्कराची पॅराशूटं शिवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. कुठल्या माणसाला किती कापड तोलेल, हे ते नजरेनेच सांगतात. स्वतः मात्र एकदाही उडी मारली नाही. घरातली ट्यूब बदलायची झाली तरी स्टुलावर मला चढवतात आणि खालून "सांभाळून हो मास्तर, सांभाळून!" असं ओरडत मलाच घाबरवतात.

अशा माणसाच्या पोटी सुजाता यावी! एकुलती एक, पुण्यात इंजिनिअर. आधी विमानातून उड्या मारायची. आता परदेशात, जिथे परवानगी असते तिथे, थेट डोंगराच्या कड्यावरून मारते. याला बेस जंपिंग म्हणतात. आमच्याकडे याला अवदसा आठवणं म्हणतात आणि मी तसं काकांना बोलूनही दाखवलं.

"पोरगी ऐकत नाय ना मास्तर," काका म्हणाले. "मंग दोऱ्या तरी आपल्या हातच्या असू द्या."

पॅराशूटला ब्रेक असतात, हे मला तेव्हा कळलं. दोन हातांना दोन दोऱ्या. ओढल्या की पॅराशूट मंदावतं. उघडतानाच ते थोडं मंद असावं म्हणून दोऱ्या आधीच जरा ओढून अडकवून ठेवतात, आणि अडकवायला दोरीवर एक छोटा फासा शिवतात. फासा जितका वर, तितका ब्रेक जास्त. चुकून कड्याकडे तोंड करून पॅराशूट उघडलं, तर या मंदपणामुळे वळायला वेळ मिळतो. पण ब्रेक फार झाला तर पॅराशूट उडायचंच सोडतं आणि मागच्या मागे कोसळतं. सुजाता आपल्या वजनाला बरोबर बसेल ती जागा आधी तपासून दोरीवर खूण करून आणायची आणि काका त्या खुणेवर फासा शिवायचे.

"मंद व्हायचं, बंद नाय!" हे काकांचं ब्रीद. गॅसवरच्या दुधाला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना तेच. माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेवालाही त्यांनी हाच आशीर्वाद दिला. तो बिचारा अजून अर्थ लावतोय.

या दिवाळीनंतर सुजाता नवं पॅराशूट घेऊन आली. तीन दिवसांनी तिचं विमान होतं. काकांनी दार लावून दोन दिवस मशीन चालवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे ते तपासायला गंगापूर धरणाकडच्या माळावर गेलो. दुपारचा वारा चांगला होता. सुजाताने ब्रेक अडकवून पॅराशूट वाऱ्यावर उचललं. ते डोक्यावर आलं, डुललं आणि मागे बसलं. पुन्हा उचललं, पुन्हा बसलं.

"वारा पडला," काका म्हणाले. माझी टोपी वाऱ्याने शंभर पावलं पळाली होती.

सुजाताने मोजायचा टेप काढला नाही. दोरीवर नुसती बोटं ठेवली. "पप्पा, माझी खूण इथे आहे. फासा चार बोटं वर आहे."

काका खाली बसून गवतातल्या दोऱ्या गोळा करायला लागले.

"चुकून झालं?"

"माझ्याकडनं चुकून व्हतं का कधी?" काका म्हणाले. "कडा समोर असतो गं. म्हटलं, अजून थोडी हळू गेली तर... तुझी आई असती तर तिनं अडवलं असतं तुला. मला अडवता येत नाय."

मला तिथे उभं राहणं नको झालं. तीस वर्षांत एक टाका न चुकलेल्या माणसाने जाणूनबुजून चुकीचा टाका घातला होता, आणि तो लेकीच्या जिवावर बेतणारा होता. कड्याचा धसकाच तसा घेतला होता त्यांनी. मनातून मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"पप्पा, अशी मी हळू येणार नाही. पडेन," सुजाता म्हणाली. ओरडली नाही.

घरी येऊन काकांनी ब्लेडने टाके उसवले. दोन्ही फासे खुणेवर आणून पुन्हा शिवले. मध्ये दोनदा उठून पाणी प्यायले. शिवून झाल्यावर टेप तिच्यापुढे धरला.

"मोज."

"नको पप्पा. माझा विश्वास आहे."

"मोज म्हणतो ना! कारागिरावर ठेव विश्वास. बापावर ठेवू नको."

तिने मोजलं. दोन्हीकडे सुताचा फरक नव्हता.

आठवड्याने काका सकाळीच माझ्या दारात आले. वजन सांगितलं नाही. मोबाइल माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "व्हिडिओ आलाय. तुम्ही बघा आधी."

मी बघितला. सुजाताने कड्यावरून उडी मारली. पॅराशूट उघडलं ते नेमकं दगडाकडे तोंड करून. पण ते कड्यावर धडकलं नाही. जागच्या जागी रेंगाळल्यासारखं झालं, तिने ते वळवलं आणि सावकाश खाली आली.

"उतरली काका."

"पायावर?"

"दोन्ही पायांवर."

तेव्हा कुठे ते वळले. मोबाइल घेतला, बोटाने व्हिडिओ शेवटाकडे सरकवला आणि माझ्या पायरीवर बसले. कडा त्यांनी बघितलाच नाही. सुजाता गवतात उभी राहून हसतेय, तेवढंच पुन्हा पुन्हा लावत होते. माझी बायको आतून चहा घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी बसून तीही तेच बघत राहिली.