पुंडलिक मास्तरांना झोप लागेपर्यंत

आमच्या डिचोलीत गाडी शिकणाऱ्याला कुणी "गियर जमले का?" असं विचारत नाही. "मास्तर न्हिदले?" असं विचारतात. न्हिदले म्हणजे झोपले.

पुंडलिक मास्तरांची पद्धतच तशी आहे. शिकणारा गाडी चालवतो, मास्तर शेजारी बसतात, आणि ज्या दिवशी चालत्या गाडीत मास्तरांना आपोआप झोप लागते, त्या दिवशी तो माणूस परीक्षेला तयार. तोवर तुम्ही आठचा आकडा काढा, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला, काहीही करा, मास्तर परीक्षेची तारीख घेत नाहीत.

"डोळे फटी उलयतात, बाई," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "न्हीद फटी उलयना." फटी उलयप म्हणजे खोटं बोलणं. मास्तर मूळ मये गावचे. तीस वर्षं त्यांनी खाणींवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक असलेली एक पांढरी गाडी घेऊन ते लोकांना शिकवायला लागले. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून माझ्याशी बोलताना ते कोकणीत थोडं मराठी घालत. रागावले की मराठी गळून पडायचं.

माझी गरज खरी होती. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी बदली वाळपईच्या पुढच्या एका गावात झाली. शाळा आठला भरते, पहिली बस नऊला पोचते. नवरा स्कूटरपलीकडे कशाला हात लावत नाही. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं आणि मार्चमध्ये मला क्लच कुठल्या पायाने दाबतात ते कळलं.

पहिला महिना मी रस्त्यावरच्या सगळ्यांची माफी मागत गाडी चालवली. पाव घेऊन निघालेल्या पोदेराने सायकलवरून भोंपू वाजवला, की मी गाडी कडेला घेऊन थांबत असे. एकदा म्हशीला "सॉरी" म्हटलं. मास्तर म्हणाले, "म्हस आयकना, बाई. तिका ब्रेक जाय." जाय म्हणजे पाहिजे.

एप्रिल संपला. माझ्या मागून आलेली दोन पोरं परीक्षा पास होऊन गेली, पण माझ्या शेजारी मास्तर टक्क जागे. मग मी उपाय सुरू केले. आधी दुपारच्या शिकवणीला जाताना बांगड्याचं हुमण आणि भात नेला. मास्तरांनी डबा चाटूनपुसून संपवला, माझ्या हाताला चव आहे म्हणाले, आणि साखळी गावापर्यंत पापणी हलवली नाही. मग मला सुचलं की माझ्या वर्गात पाढे सुरू झाले की अर्धी चौथी पेंगते. गाडी चालवता चालवता मी एका सुरात सतराचा पाढा सुरू केला. सतरा सकं एकशे दोनवर मी श्वास घ्यायला थांबले.

"सतरा सत्ते एकशे एकोणीस," मास्तर म्हणाले. "आतां क्लचावयलो पाय काडात."

मे महिन्याच्या मध्यावर माझा धीर सुटला. "मी दुसरीकडे जाते," म्हटलं. "तिथं आठ दिवसांत तारीख देतात."

"वचात," त्यांनी शांतपणे जायची परवानगी दिली. "परीक्षा पास जातल्यात. पूण तुम्हांक परीक्षेक न्हय, शाळेक पावपाचें आसा. रोज. पावसांतसुद्धां."

मला पोचायचं होतं ते शाळेतच, हे खरं होतं. मी गाडी सुरू केली.

त्यानंतर चारेक दिवसांची गोष्ट. साखळीकडे जाताना वळणावर समोरून बस आली, तिच्या बाजूने एक मोटारसायकल घुसली. मी वेग कमी केला, आरशात मागचं पाहिलं, दोघांना जाऊ दिलं आणि पुढे निघाले. आता मास्तर काय चूक काढतात म्हणून वाट पाहत राहिले. बराच वेळ झाला तरी शब्द नाही. पाहिलं तर हनुवटी छातीवर, तोंड अर्धवट उघडं.

मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि गाडीत सांगण्यासारखा एकच माणूस होता. त्याला उठवणं शक्य नव्हतं. साखळीला वळायचं होतं, मी पुढेच गेले. मोठा फेरा घालून, खड्डे चुकवत डिचोलीला परत आले. बसस्टँडजवळ मास्तरांनी डोळे उघडले.

"कितलो वेळ?"

"चाळीस मिनिटं."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "मगीर फाल्यां तारीख घेवया." फाल्यां म्हणजे उद्या!

परीक्षेला शेजारी बसलेले साहेब शेवटपर्यंत जागे राहिले, याचंच मला जरा वाईट वाटलं. बाकी सगळं नीट झालं. पास झाले.

रविवारी पेढे घेऊन मी आम्ही नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीने एकटीच मयेला मास्तरांच्या घरी गेले. घरात ते एकटेच होते. मुलगी पेडण्याला सासरी, बायको मंगल तीन वर्षांपूर्वी गेलेली. चहा त्यांनीच केला. साखर दोनदा पडली होती. मी तो सगळा प्यायले. मग म्हटलं, "चला, फिरून येऊ."

ते सवयीने पुढे बसायला निघाले. मी मागचं दार उघडलं. "तिथं तुमचा पाय ब्रेक शोधत बसेल. आज तुम्ही पाहुणे."

कुरकुरत बसले. गाडी तळ्याच्या कडेने निघाली. मागे डुलकी लागली की काय, म्हणून आरशात पाहिलं. मास्तर खिडकीला नाक लावून बाहेर बघत होते.

"बाई, हें तळें इतलें व्हड आसा?"

"तुमच्याच गावचं एवढं मोठं तळं, मास्तर."

"ह्या वाटेन हजार फावटी गेलां. नदर रस्त्यार, ना जाल्यार शिकप्याच्या पांयार." त्यांनी काच खाली केली. "आमची मंगल म्हणटाली, गाडी थांबयात, मात्शें तळें पळोवया. हांव म्हणटालों, परततना. परततना काळोख पडटालो."

तळं बघायचं राहूनच गेलं होतं. मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली.

मास्तर उतरले. हात पाठीमागे बांधून पाण्याजवळ गेले. पलीकडच्या काठावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. जरा वेळाने त्यांनी वळून पाहिलं आणि मला हाताने उतरायची खूण केली.

"तुमीय देंवात, बाई. घाय ना."