चाक उतरलं की गायकरकाका

आमच्या गल्लीत कुणाच्याही मोटारसायकलचं मागचं चाक उतरलं, की टायरवाल्याचा पाना खाली पडायच्या आत गायकरकाका तिथे हजर असतात. त्यांना कोण कळवतं हे अंबरनाथ पूर्वेतलं एक न सुटलेलं कोडं आहे. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, कधी कधी अर्ध्या गालाला दाढीचा फेस. आल्यावर रामराम नाही, श्यामश्याम नाही. सरळ चाकाशी उकिडवे बसतात आणि विचारतात, "सील बदलतो नं?"

सील म्हणजे चाकाच्या मधोमध, हबमध्ये बसवलेली रबराची कडी. पाणी आणि धूळ आतल्या बेअरिंगपर्यंत पोचू नये, एवढंच तिचं काम. माणसं टायर बदलतात, ट्यूब बदलतात, आरसे तर हौसेने बदलतात. सीलची आठवण कुणाला होत नाही. काकांना दुसरं काही आठवत नाही.

"अरं, चाक उतरलंच हाय, तं सील बदलून टाक. परत कोन खोलनार?"

काका मूळचे इथलेच, आगरी. जन्मभर कारखान्यात फिटर होते आणि 'खोललंच हाय तं' या तत्त्वावर त्यांचा सगळा संसार झाला. एकदा स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलायला बसले. नळ खोललाच आहे तर पाइप, पाइप काढलाच आहे तर भिंतीतली जोडणी, असं करत करत ते शेजारच्यांच्या न्हाणीघरात निघाले. काकूंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा तर त्यांनी डॉक्टरांनाच गाठलं. म्हणाले, "पोट खोलनारच हाव, तं बाकीचं पन तपासून घ्या." डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं. काकू अजून सांगतात, "यांना आत घेतलं असतं तं माझ्या पोटात पन सील शोधलं असतं यांनी."

पण गेल्या दिवाळीपासून हा नाद फारच वाढला. सोसायटीच्या सेक्रेटरीचं चाक नुसतं पंक्चर होतं, तरी सील बदललं. सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींची गाडी तीर्थप्रसाद होईपर्यंत चाकावाचून उभी राहिली. लोक काकांना बघून गाडी उलटी वळवायला लागले. मीही वळवली आहे. या नादामागचं कारण मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते माझा टायर गुळगुळीत झाला त्या दिवशी.

टायरवाल्याने चाक उतरवलं. काका आलेच. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून जुनं सील उचकटलं आणि हातावर घेऊन माझ्यापुढे नाचवलं. एवढे खूश, की जणू खजिना सापडला. "बघ, कड फाटलीय! खरंच फाटलीय! चल, उल्हासनगरला, कॅम्प तीनला. लच्छूकडं."

"काका, इथे कोपऱ्यावर मिळतं की."

"इथलं नको. मना लच्छूकडचंच पायजे."

गाडीला चाक नव्हतं, म्हणून शेअर रिक्षाने निघालो. वाटेत काकांनी सगळं सांगितलं. लच्छूशेठ हा त्यांचा सिंधी दोस्त. उल्हासनगरात त्याचं स्पेअर पार्टचं दुकान. काका तरुणपणापासून तिथे सील घ्यायला जायचे आणि भांडून यायचे. ग्रीस किती लावायचं, सील आधी तापवायचं की नाही, कशावरूनही. काकांचं म्हणणं लच्छूशेठला एकदाही पटलं नाही. गेल्या दिवाळीत त्याला लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात थोडा सुधारला, पण तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा.

"घरची समदी त्याच्याशी गोड बोलतात. पप्पा बोलो, पप्पा बोलो. तो नुसता हसतो," काका म्हणाले. "अरं, लच्छू कधी गोड बोल्लाय का, तं आथा बोलंल? त्याला राग यायला पायजे. आनि रिकामा गेलो तं तो वळखतो. खोटं गिऱ्हाईक त्याला लगेच कळतं. म्हनून मना खरं चाक लागतं."

गाडी वळवून पळालो होतो त्याची लाज वाटली, हे कबूल करतो.

दुकानात लच्छूशेठ काउंटरमागे खुर्चीत बसले होते. स्वच्छ पांढरा सदरा, चेहरा शांत. मुलगा विकी माल काढत होता. काकांनी जुनं सील काउंटरवर आपटलं.

"लच्छू, आगे के चाक का सील दे. पीछे लगाता है मैं."

लच्छूशेठची भुवई हलली. विकीने मला खूण केली, की हे रोजचंच आहे.

"और उलटा बिठाएगा. सपाट बाजू अंदर."

लच्छूशेठनी मान दुसरीकडे फिरवली.

"और एकच बाजू से हातोडी मारेगा. धाड धाड!"

शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातले दोघे कात्री हातात घेऊनच बघायला आले. काकांच्या कपाळावर घाम फुटला होता. ज्या माणसाने जन्मभर सील चारी बाजूंनी हळूहळू ठोकत, फुलासारखं बसवलं, तो भर बाजारात असलं अभद्र बोलत होता. त्यांच्या जिवावर येत होतं, ते दिसत होतं. मला वाटलं, आता पुरे करावं, बिचाऱ्या लच्छूशेठना छळू नये. विकीही म्हणाला, "अंकल, आज रहने दो."

काकांनी मोठा श्वास घेतला. "चल, सीलच नको. पुराना कपडा गुंडाळता है मैं. सील-बील सब लुटने का धंदा है, लच्छू. तू जिंदगीभर लोगों को लुटा!"

लच्छूशेठचा डावा हात काउंटरवर धाडकन आदळला. चेहरा लाल झाला. ओठ थरथरले, जबडा हलला, घशातून नुसती घरघर आली. मग ती घरघर थांबली.

"अकल," लच्छूशेठ म्हणाले. "अकल... नहीं है!"

विकीच्या हातातला डबा खाली पडला आणि त्यातली सीलं रस्त्यावर घरंगळत गेली. ती उचलायचं भान कुणाला राहिलं नाही.

काका काउंटरवर पुढे झुकले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "किसको? लच्छू, किसको नहीं है?"

"तेरे को!"

मग जे झालं त्याला तमाशा हाच शब्द आहे. काका जागच्या जागी उड्या मारायला लागले. "बोल्ला! मना बोल्ला!" विकी रडत रडत आईला फोन लावत होता, कारखान्यातले दोघे टाळ्या वाजवत होते आणि मी कुणा अनोळखी माणसाला मिठी मारून उभा होतो. फक्त लच्छूशेठ अजून रागातच होते. डाव्या हाताने त्यांनी मागच्या चाकाचं सील शोधून काढलं, सपाट बाजू बाहेर धरून काकांच्या नाकासमोर हलवलं आणि मग त्यांच्या हातात दिलं.

परतीच्या रिक्षात काका नवं सील मुठीत धरून बसले होते. मी चिडवलं, "काका, चारचौघांत अक्कल काढली तुमची."

"काढू दे," ते म्हणाले. "घरात पोरं 'हो बाबा' म्हनतात. सोसायटीत समदी 'हो काका' म्हनतात आनि वाट बदलतात. माझं चुकतंय असं तोंडावर सांगनारा तेवढा एकच हाय रं मना. वर्षभर कोन बोल्लंच नाय."

तेवढ्यात काकूंचा फोन आला. एवढा वेळ कुठे आहात म्हणून. काका ओरडले, "अगं, लच्छूनं मना शिवी दिली!" आणि पुढे त्यांना बोलताच येईना. पलीकडून काकू "खरं? देवा, खरं?" म्हणत राहिल्या.

रिक्षावाल्याने घाबरून वेग कमी केला. "किसने गाली दिया, काका? गाडी घुमाऊ क्या?"

काकांनी ग्रीसच्या हातानेच डोळे पुसले, तोंड सगळं काळं करून घेतलं आणि हाताने त्याला चल, चल अशी खूण केली.