मॅडम रजेवर आहेत

एखादी बाई गरोदर आहे असं कळलं, की आमच्या शालनआत्या अभिनंदन करत नाहीत. त्या विचारतात, "मागचे तीन महिने कसे गेले?" समोरचीला वाटतं, तब्येतीची चौकशी चाललीय. ती बिचारी सांगायला लागते, की फोडणीचा वास सहन होत नाही. आत्या हातानेच थांबवतात. "पगाराचं विचारतेय मी."

शालनआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही. अंधेरीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं पगाराच्या टेबलावर काढली आणि निवृत्त होऊन चारकोपला आमच्या घरी राहायला आल्या. बाळंतपणाच्या रजेचा कायदा त्यांना पाढ्यांसारखा पाठ. वर्षात ऐंशी दिवस काम हवं, प्रसूतीच्या आधी फार तर आठ आठवडे, एकूण सव्वीस, आणि पैसे रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीने. एकदा भर रिसेप्शनमध्ये, स्टेजवर पाकीट देता देता त्या नवरदेवाला म्हणाल्या, "हिला दिवाळीत ओव्हरटाइम असतो ना? मग पाळणा जानेवारीनंतर हलू दे." फोटोत तो मुलगा अजून घाबरलेला दिसतो.

गेल्या वर्षी आत्यांना घरातच दोन केसेस मिळाल्या. माझी धाकटी जाऊ रश्मी आणि मी, तीन आठवड्यांच्या अंतराने. रश्मी चांगल्या कंपनीत नोकरीला. मी नवऱ्या मुलींना नऊवारी नेसवते, अंबाडे घालते. मुहूर्त असला की सकाळी बोरिवली, दुपारी मुलुंड. मुहूर्त नसला की घरी.

खोटं कशाला बोलू, मला रश्मीचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटभर. तिला सव्वीस आठवडे बसून पगार मिळणार होता, पण माझं खरं दुखणं ते नव्हतं. ऑगस्टमध्ये तिची रजा लागली आणि सासूबाई म्हणायला लागल्या, "मनाली, चहा टाक गं. रश्मीला नको उठवू, ती रजेवर आहे." माझंही पोट तेवढंच पुढे आलं होतं. पण मी रजेवर नव्हते. मी घरीच असायचे ना. रश्मी स्वभावाने वाईट असती तर निदान मनासारखं भांडता आलं असतं. तीही मेली गोड. त्यात आत्या रोज संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन तिचे कागद लावत बसायच्या. आत दोघींचं हसणं, बाहेर मी आणि कुकर.

एका संध्याकाळी मी कप आपटला. म्हटलं, "आत्या, मी पण काम करते. चार चार तास वाकून निऱ्या घालते. मला कोण रजा देणार?"

आत्यांनी चष्मा पुसला. "अर्ज केलायस?"

"कुणाकडे करू? मला मालकच नाही."

"मग माझ्याकडे कर," आत्या म्हणाल्या. "माझ्या फंडाचं व्याज येतं, ते नुसतं पडून आहे."

मला वाटलं, थट्टा आहे. सकाळी उशाशी आत्यांनी स्वतःच्या हाताने आखलेला फॉर्म ठेवलेला. मी भरला. आत्यांनी माझी बुकिंगची डायरी मागून घेतली, आणि इथेच माझी वाट लागली. बाळंतपणाची तारीख दिवाळीतली, म्हणजे रजा सप्टेंबरपासून. आधीचे तीन महिने जून, जुलै, ऑगस्ट. आषाढात कोण लग्न करतं? श्रावणातल्या दोन मंगळागौरी तेवढ्या होत्या. वैशाखात मी मरमर मरून सत्तावीस नवऱ्या उभ्या केल्या, तो मे महिना मेला कुंपणाबाहेर.

"एवढीच सरासरी येते," आत्या म्हणाल्या.

"रश्मीची बघा. तिला बाराही महिने वैशाख."

मी रडले. आत्या डायरी घेऊन खोलीत गेल्या. चौथ्या दिवशी फॉर्म परत आला, लाल शाईने दुरुस्त केलेला. तीन महिने खोडून बारा धरले होते.

"आत्या, नियम?"

"नियम करणाऱ्याला पंचांग ठाऊक नव्हतं."

त्याच दिवशी फ्रिजवर कागद लागला. रजेवर: रश्मी, मनाली. सासूबाई म्हणाल्या, "अगो, पण ही घरातच असते ना?" आत्या म्हणाल्या, "वहिनी, घरात असणं म्हणजे रजा नव्हे," आणि स्वतः चहाला उठल्या. चहा पुचाट झाला होता. मी मात्र पाय पसरून, रश्मीला दिसेन अशी, दोन कप प्यायले. पुढे दोन नवऱ्या मुलींच्या आयांचे फोन आले तेव्हा आत्यांनीच उचलले. "मॅडम रजेवर आहेत. मार्चमध्ये करा." मला आयुष्यात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

दोघींनाही मुलीच झाल्या. आत्या रोज दारात उभ्या राहून दोघींची वजनं विचारायच्या, लिहून घ्यायच्या आणि जायच्या. जवळ येत नसत. आम्हाला वाटायचं, त्यांना लहान मुलांची आवड नसेल.

माझ्या रजेचा शेवटचा आठवडा होता. दुपारी आत्या दारात आल्या. हातात वही नव्हती.

"तू कामावर गेलीस आणि ही रडली, तर मी उचललं तर चालेल?"

"अहो आत्या, हे काय विचारणं झालं?"

"विचारलेलं बरं." त्या चौकटीलाच धरून उभ्या होत्या. "ऑफिसात बायका बाळ दाखवायला आणायच्या. कागद मी केलेले, म्हणून पेढे आधी माझ्या टेबलावर ठेवायच्या. आणि बाळ घेऊन पुढच्या टेबलाकडे जायच्या. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातात कुणी दिलं नाही. मी पण कधी मागितलं नाही."

मी त्यांना पलंगावर बसवलं आणि लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मान कुठे धरायची तेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. मी दाखवलं. मग कितीतरी वेळ त्या हलल्याच नाहीत.

पलीकडे सासूबाईंजवळ रश्मीची मुलगी रडायला लागली. आत्यांनी चमकून दाराकडे बघितलं.

"बसा," मी म्हटलं, आणि उठून दार लोटून घेतलं.