घोट्याची घासाघीस

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या हौसाक्का सांगितलेल्या दराला काही म्हणजे काही घेत नाहीत. एकदा पोस्टात त्यांनी, "पाच तिकिटं घेतो, चाराचंच लावा की," म्हणून कारकुनाला घाम फोडला होता. तीस वर्षं मंडईत भाजी विकलेली बाई. पहिला दर हा त्यांच्या मते नुसता बोलायला सुरुवात करण्यापुरता असतो.

कधीकाळी हातगाडीवरून पडून मोडलेला त्यांचा डावा घोटा अलीकडे पार झिजला होता. डॉक्टरांनी कृत्रिम सांधा बसवायचं सुचवलं आणि खर्चाचा कागद पुढे केला. मुलगा पुण्यात, म्हणून सोबत मी.

"जुना सांधा तुमी काढून घेणार न्हवं?" अक्कांनी विचारलं.

"खराब भाग काढतो, हो."

"मग त्येचं काय वजा करणार? भांडीवाला बी मोडीचं धरतोय की."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, सांध्याची किंमत माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात काय हाय, त्येवर बोलूया."

शेवटी डॉक्टरांनी आपली फी थोडी उतरवली आणि अक्कांनी स्वतंत्र खोलीचा हट्ट सोडला. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बस. वरचा खर्च लिवून घे. लगनात मांडवानं न्हाय, वरच्या खर्चानं माणूस बुडतंय." मग औषधं, वॉकर, पायात घालायचा बूट, व्यायाम शिकवणारी मुलगी, सगळं लिहून घेतलं. वॉकर त्यांनी मागच्या गल्लीतून उसना मिळवला. बाकीच्यासाठी पाटल्या मोडल्या. "पाटल्या घालून चालता येत न्हाय," एवढंच म्हणाल्या.

मुलगा फोनवर वैतागला. मंडई सुटली, भाजी दारात येते, आता कुठं जायचंय तुला? अक्कांनी फोन ठेवून दिला.

ऑपरेशननंतर सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. दारालगतच्या कॉटवर, तीन उशांवर पाय ठेवून त्या पडून असत आणि तिथूनच भाजीवाल्याशी घासाघीस करत. पाय वर करून दर खाली आणणारी बाई गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणे, "दहा वेळा घोटा हलवा." अक्का म्हणत, "सा." आठवर तोडगा निघे. मात्र रोज ती निघाली की एकच प्रश्न, "जिना कवा?"

चौथ्या महिन्यात तिनं जिन्याला परवानगी दिली.

त्या रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. दारात अक्का, घामानं थबथबलेल्या, हातात काठी. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली. त्याआधी या दोघी रोज संध्याकाळी खाली पायरीवर बसायच्या. पुढं अक्कांना जिना चढवेना, आईला उतरवेना.

अक्का आईच्या उशाशी, डावा पाय वर घेऊन बसल्या. माझ्याकडं फणी मागितली. "बाप्याच्या हातात केस दिल्यावर गुंताच व्हायचा."

आईनं डावा हात लांबवून अक्कांच्या घोट्यावरचा व्रण चाचपला. घोटा टम्म सुजला होता.

"दुखतंय?" आईनं अडखळत विचारलं.

"न्हाय गं," अक्का म्हणाल्या आणि तिचा गुंता सोडवू लागल्या.