मुंगसाची तारीख

एका जंगलात, बाळांनो, एक राजा होता आणि त्या राजाची एक वेबसाइट होती. दरबारात कुणाचा खटला कधी, ते तिच्यावर दिसे.

एकदा नरहरी मुंगसाच्या बिळावर कोल्ह्याने हक्क सांगितला. नरहरी घाबरला नाही. बीळ त्याने स्वतः खणलं होतं, साक्षीला कासव होतं. त्याने मोबाइल उघडला. तारीख होती ४/५.

"चार मे," तो बायकोला म्हणाला. "भरपूर वेळ आहे."

हा मोबाइल त्याला हिवाळ्यात पाहुणा म्हणून आलेल्या बदकाने जाताना दिला होता. बदकाच्या देशात आधी महिना लिहितात, मग दिवस. मोबाइल त्याच वळणाचा. पण फुकटच्या मोबाइलचं सेटिंग कोण बघतो?

चार मेला नरहरी आंघोळ करून, कासवाला ओढत दरबारात पोचला.

"निकाल मागच्या महिन्यात, पाच एप्रिललाच लागला," घुबड म्हणालं. वेबसाइट त्यानेच बनवली होती. "तुम्ही गैरहजर. बीळ कोल्ह्याचं."

नरहरीने ४/५ दाखवलं. कोल्ह्याने आपल्या मोबाइलवरचं ५/४ दाखवलं.

"दोन्ही एकच, महाराज," घुबड म्हणालं. "ज्याच्या मोबाइलचं जसं सेटिंग, तशी आपली वेबसाइट तारीख दाखवते. सगळ्यांच्या सोयीसाठी."

"मग चूक कुणाची?" राजाने, म्हणजे सिंहाने विचारलं.

"कुणाचीच नाही."

"वा!" सिंह खूश झाला. "असा कारभार हवा!"

"पण महाराज, माझं बीळ?"

"तेही कुणाच्या चुकीने गेलेलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस."

"महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं तर?" कासवाने विचारलं.

सगळ्यांनी सिंहाकडे पाहिलं. मग सिंह म्हणाला, "इतकं सोपं करून टाकलं, तर समितीने काय करायचं?"

लगेच समिती नेमली. तारखांमधला जाणता म्हणून अध्यक्षपद कोल्ह्याला मिळालं. बिळाचा फेरविचारही समितीच करणार होती.

बिळातून बाहेर काढलेल्या पिल्लांजवळ नरहरी काटेरी झुडपाखाली परतला. मोबाइलवर बैठकीची तारीख आली होती, ६/७.

"अहो, या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर बघा," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जवळपास मोबाइल एकाकडेच होता. नरहरी आपल्याच बिळाच्या दारात उभा राहिला. "कोल्होबा, आत येऊ का?"

"या की!" आतून कोल्हा म्हणाला. "आपलंच घर समजा."

तात्पर्य : तारीख चुकली, तर दोष मोबाइलचा नसतो, वेबसाइटचा नसतो, राजाचा तर नसतोच. ज्याचं बीळ जातं, त्याचाच असतो.