दुसऱ्या बाजूची खुर्ची

डॉक्टर देसायांच्या ओसरीवर दोन लाकडी खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असत. त्यांतल्या एकीवर बसायची परवानगी मलासुद्धा नव्हती, मी त्यांचा सख्खा शेजारी असून. ती खुर्ची 'दुसऱ्या बाजूची'. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की डॉक्टर त्याला पहिल्या खुर्चीवर बसवत आणि समोर बोट दाखवत, "ती रिकामी हाय. दुसरी बाजू आली की मग बोलूया." हे डॉक्टर गुरांचे होते, हे आधीच सांगितलेलं बरं.

रामनगरच्या दवाखान्यात बैलांना सुया टोचता टोचता पन्नाशी गाठलेल्या या गृहस्थाला कायद्याचं वेड लागलं ते एका जाहिरातीमुळे. कुठल्याशा विद्यापीठाने टपालाने शिकायचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला होता, खास वकील नसलेल्यांसाठी. इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतले साहेब, कुठलाही पदवीधर चालत होता. काळा कोट मिळणार का, मी विचारलं. नाही. कोर्टात उभं राहता येणार का? तेही नाही. मग हा उपद्व्याप कशाला?

"समजून घ्यायला, मास्तर," डॉक्टर म्हणाले.

मला हे उत्तर अगदी बिनकामाचं वाटलं आणि मी तसं त्यांच्या तोंडावर सांगितलंही.

पुस्तकं आली आणि आमच्या आळीची शांतता गेली. 'प्रथमदर्शनी' हा शब्द लावल्याशिवाय डॉक्टरांना काही बोलताच येईना. खानावळीतली आमटी 'प्रथमदर्शनी अळणी' निघू लागली. बेळगावची बस चुकली, तर बस आधी सुटली की आपण उशिरा आलो याची चौकशी ते कंडक्टर भेटेपर्यंत राखून ठेवत. वर्षातून एकदा धारवाडला वर्ग भरत. तिथे इस्त्रीची पँट घालून डॉक्टर इंजिनिअरांच्या रांगेत बसले आणि जनावर ही मालमत्ता असेल तर जनावराची बाजू कुणी ऐकायची, असं त्यांनी प्राध्यापकांना विचारलं. प्राध्यापकांनी चहाची सुट्टी दिली म्हणे.

एकदा महादेव गावडा पोट टम्म फुगलेली म्हैस घेऊन आला. मागोमाग भीमव्वा, जिच्या शेतातलं भात त्या म्हशीने खाल्लं होतं. डॉक्टरांनी आधी म्हशीच्या पोटातला वायू काढला, ती चांगली उभी राहिल्यावर हात धुतले आणि दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. महादेवचं म्हणणं, कुंपण आधीच मोडलेलं होतं. भीमव्वाचं म्हणणं, ते म्हशीनेच मोडलं. अन्याय नको म्हणून डॉक्टरांनी थोडा वेळ म्हशीकडेही पाहिलं. निकाल मात्र दिला नाही. आपल्याला तो अधिकार नाही, आपलं काम ऐकायचं, असं म्हणून ते आत गेले. ती दोघं एकमेकांचं ऐकून इतकी दमली होती की जाऊन त्यांनी मिळून कुंपण बांधलं. मग लोक मुद्दाम येऊ लागले.

परीक्षेचा निकाल लागला, डॉक्टर पास झाले, आळीत पेढे वाटले. पुढच्या रविवारी मला म्हणाले, खानापूरकडे जायचं आहे, सोबत या. का, ते बसमध्ये कळलं.

डॉक्टरांचं लग्न झालं होतं हे मला माहीत होतं. ते मोडलं कसं, हे नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला ते दिग्गीला होते, रानात. बायको वर्षभरात माहेरी गेली ती परतली नाही. मग देवळासमोर पंचमंडळी बसली. डॉक्टर बोलले, तिच्या बाजूने तिचा मामा बोलला आणि जेवणाच्या आत काडीमोड झाला. बाईमाणसाला अशा बैठकीला बोलवायची पद्धत नव्हती.

"तिला कुनी इचारलंच न्हाई, मास्तर. मी बी न्हाई," डॉक्टर म्हणाले. "काय चुकलं ते समजत न्हवतं. पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात सापडलं."

आता इतक्या वर्षांनी दारात गेल्यावर ती बोलेल का, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होती. वाटेत त्यांनी एकदाही 'प्रथमदर्शनी' म्हटलं नाही.

सुशीलाबाई, म्हणजे डॉक्टरांची तेव्हाची बायको, भावाच्या घरी राहत, गावातली बालवाडी चालवत. त्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. डॉक्टर अंगणात उभे.

"त्या येळी तुझं ऐकून घ्याचं राहिलं," ते म्हणाले. "आता सांगशील काय?"

बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, जणू खरं काय ते मीच सांगणार होतो. मग पायरीवर बसल्या.

"मी तापानं फणफणले होते. तुमी गावात कुनाच्या गाईचं वासरू ओढाय गेला होता. दुसऱ्या दिशी आला, गाईचं सगळं सांगितलं. मला कसं हाय, ते इचारलं न्हाई. आनि हे कायम असंच." त्यांनी आता डॉक्टरांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हननं हाय?"

"काय न्हाई. खरं हाय."

बाईंनी आतून चहा आणला. कप परत घेताना, "इचारलंत, बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चल, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. येते, असं त्याही म्हणाल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये मला फार वाईट वाटत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी परीक्षेचं विचारलं, पेपर कसा होता म्हणून.

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"दुसरी बाजू न ऐकता दिलेला निकाल टिकतो काय, असा प्रश्न होता," ते म्हणाले. "तोच मी सगळ्यात चांगला लिहिला, मास्तर."